आधी बाथरूम, मग गुडघ्याचं ऑपरेशन

ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. कबड्डी खेळताना लेकीचा पाय चढाईत पकडला गेला, गुडघा पिरगळला आणि एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला हाडांना जोडून ठेवणारा स्नायुबंध, पूर्ण तुटल्याचं निघालं. इकडे खालच्यांच्या छताला ओल आली म्हणून सोसायटीची चिठ्ठी आलीय. लेक ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात असताना एकुलतं एक बाथरूम फोडून घ्यायचं, असा तुमच्या घरचा बेत आहे. तसं अजिबात करू नका.

आमच्या मुलाचं हेच, तुटलेल्या एसीएलच्या जागी नवा स्नायुबंध बसवायचं, ऑपरेशन झालंय आणि सोसायटीच्या दुरुस्त्या मी बरीच वर्षं बघतेय. या ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. बाथरूमचं काम मात्र नीट करायचं तर दोन आठवडे सहज लागतात. पोरगी वॉकर घेऊन दारात उभी आणि आत रेती-सिमेंटचा ढीग, अशी वेळ येईल. ताज्या टाक्यांना ती धूळही नकोच.

ऑपरेशन थोडं पुढे गेलं तर बिघडेल का, हे डॉक्टरांना आजच विचारा. गुडघा अडकत असेल, सरळच होत नसेल किंवा गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) फाटून तिला टाके घालायचे असतील, तर थांबू नका. बाथरूमचं काम नंतर बघा. तसं नसेल तर सूज उतरून पाय पूर्ण सरळ होईपर्यंत बरेच सर्जन स्वतःच थांबतात, कारण सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं की तो नंतरही आखडून राहायची भीती असते. या दिवसांत फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम सुरू करा: मांडी आवळून धरणं, पाय सरळ ठेवून उचलणं. आणि एक कळकळीनं सांगते, गुडघ्याखाली उशी देऊ नका. आपल्याला माया वाटते, तिलाही बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहायची सवय लागते. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्या. मालिशवाल्याला तर घरात घेऊच नका.

आता बाथरूम. फोडण्याआधी पाणी कुठून झिरपतंय ते शोधा. घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवल्यावर खालची ओल हळूहळू सुकायला लागली, तर दोष नळाच्या पाइपात. आंघोळीनंतरच वाढत असेल तर न्हाणी ट्रॅपमध्ये (फरशीतलं पाणी जिथून खाली जातं ती जाळीखालची कुंडी) किंवा फरशीत. ट्रॅपला गच्च बोळा लावून फरशीवर पाणी साठवा आणि खाली जाऊन बघा. कधीकधी टाइलच्या सांध्यांतलं जुनं सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट (पाणी न शोषणारा भराव) भरलं तरी भागतं आणि फोडाफोडच टळते. फोडावं लागलंच, तर वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर निदान फूटभर चढवून घ्या आणि टाइल लावण्याआधी २४ ते ४८ तास पाणी भरून ठेवायला लावा. खालच्यांना बोलावून दाखवा. ही चाचणी होईपर्यंत कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता हातातच ठेवा. इथं भिडस्तपणा नको.

काम निघालंच आहे तर लेकीपुरत्या चार गोष्टी करून घ्या. फरशी खरबरीत, न घसरणारी. उंबरा शक्य तितका कमी. कमोडशेजारी आणि शॉवरखाली धरायला स्टीलचे दांडे, तेही विटेत किंवा काँक्रीटमध्ये बोल्टनं पक्के बसवलेले. चिकटवायचे रबरी कपवाले नकोत, भार पडला की ते सुटतात. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोड बसवाच, तिला कित्येक महिने उकिडवं बसता येणार नाही. उद्या सासूबाईंनाही हे सगळं उपयोगी पडेल.

ऑपरेशननंतर खरी परीक्षा तीन-चार महिन्यांनी येते. तोवर दुखणं थांबलेलं असतं, चाल सुधारलेली असते आणि संघातल्या मैत्रिणी बोलवायला लागतात. पण आत बसवलेल्या नव्या स्नायुबंधाला तेवढ्यात ताकद आलेली नसते. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांचा २०१६ मधला अभ्यास आहे: नऊ महिन्यांपर्यंत खेळणं जितके महिने पुढे ढकललं, तितकी दर महिन्याला गुडघ्याला पुन्हा इजा होण्याची शक्यता साधारण निम्म्यानं घटली. म्हणून यंदाच्या स्पर्धा तिला मोकळेपणानं विसरायला सांगा. नऊ महिने झाले तरी दोन्ही मांड्यांची ताकद मोजून घ्या. दुखऱ्या पायात चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के ताकद आल्याशिवाय मॅटवर उतरू देऊ नका. मधल्या काळात ती रोज मैदानावर जाऊन बसो, गुण लिहो, पण संघापासून तोडू नका. आमचा मुलगा त्याच महिन्यांत सगळ्यात जास्त खचला होता.

खर्चाचं म्हणाल, तर मेडिक्लेमच्या कागदांत ऑपरेशनआधीच्या आणि नंतरच्या किती दिवसांचा खर्च मिळतो ते बघा. बऱ्याच पॉलिसींत आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस धरतात. त्यात एमआरआय आणि फिजिओथेरपीही बसू शकते, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी आणि प्रत्येक पावती जपून ठेवा.