केंब्रिजमध्ये सायकल घ्यावी का?
केंब्रिजला शिकायला येत असाल, तर सायकल अवश्य घ्या. शहर सपाट आहे, अंतरे थोडी आहेत आणि वाहतूक आपल्याकडच्यासारखीच डावीकडून चालते. नवखे विद्यार्थी मात्र सायकल नवी कोरी घेतात आणि कुलूप स्वस्तातले. तुम्ही उलट करा: सायकल जुनी चालेल, पण इंग्रजी ‘डी’च्या आकाराचे पोलादी कुलूप घ्या आणि ते फ्रेम व चाक या दोन्हींतून ओवून जमिनीत रोवलेल्या लोखंडी कमानीला लावा. डिसेंबरात दुपारी ४ च्या आधीच सूर्य मावळतो, म्हणून पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच; अंधारात तो कायद्यानेही बंधनकारक आहे. बसच्या डाव्या बाजूने पुढे घुसण्याचा मोह टाळा, कारण डावीकडे वळणाऱ्या चालकाला तुम्ही दिसतच नाही.