खाडीतील माशांच्या पिल्लांची संख्या दरवर्षी इतकी का बदलते? तापमान महत्त्वाचे की क्षारता?

तुम्ही दोनच पर्याय दिले आहेत आणि माझ्या मते खरा गुन्हेगार बहुतेक वेळा तिसराच असतो, तो म्हणजे तळाच्या पाण्यात संपत आलेला प्राणवायू. माझा हा हट्ट जुना आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका खाडीत बारीक आसाचे (म्हणजे बारीक छिद्रांचे) जाळे ओढून पिल्लांची मोजदाद करत होतो. एका पावसाळ्यानंतर जाळे जवळजवळ रिकामे येऊ लागले, तेव्हा आमच्या प्रमुखांनी मच्छीमारांनी पिल्ले ओरबाडून नेल्याचा निष्कर्ष काढला. प्राणवायू लिटरला 6 मिलिग्रॅम असल्याने पाणी उत्तम आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हे मोजमाप सकाळी अकरा वाजता आणि पृष्ठभागावर घेतलेले होते, कारण यंत्राची केबल तळापर्यंत पोहोचतच नव्हती. अखेर मी एकटाच पहाटे होडी घेऊन गेलो आणि दोरीला बांधलेली नमुना-बाटली तळाशी सोडली. वर आलेल्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास होता आणि प्राणवायू 2 मिलिग्रॅमच्याही खाली होता. काठाला खेकडे पाण्याबाहेर मुळांवर चढून बसले होते आणि बोटाच्या पेराएवढी पिल्ले अगदी वरच्या थराला तोंडे लावून श्वास घेत होती.

कारण सरळ आहे. पुराचे गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते. खालच्या पाण्याला वरून हवा मिळत नाही, तळाचा गाळ कुजताना उरलासुरला प्राणवायू खातो, आणि रात्री प्रकाशसंश्लेषण थांबल्यामुळे पहाटे स्थिती सर्वांत वाईट असते. तापमानाचा संबंध इथेच येतो: गोड्या पाण्यात 25 अंशांना सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना सुमारे 7.5, आणि खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. शिवाय पाणी तापले की पिल्लांची प्राणवायूची गरज वाढते.

क्षारतेचे म्हणाल, तर खाडीत वाढणाऱ्या बऱ्याच जाती तिचे चढउतार सहन करतात. अनेक जातींची पिल्ले भरतीच्या वेळी वर येऊन आत वाहत जातात आणि ओहोटीला तळाशी दडतात. वरच्या अंगाला नदी अडवली की नुसती क्षारता बदलत नाही, तर पिल्लांना लपवणारा गढूळपणा आणि त्यांचे खाद्य असलेले प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, यांचेही गणित बिघडते.

अर्थात बारीक आसाच्या जाळ्यांनी नुकसान होतच नाही, असे मी म्हणत नाही, आणि एका पहाटेचा एक नमुना हा पुरावाही नव्हे. उथळ, भरती-ओहोटीने सतत घुसळल्या जाणाऱ्या खाडीत तर माझे हे सारे विवेचन फारसे लागूही पडणार नाही. तरीही मोजमाप करणार असाल, तर पहाटे आणि तळाशी करा, आणि केबल पुरत नसेल तर अहवालात तसे नमूद करा. आमच्या अहवालात ते नमूद केलेले नाही.