आधी डोळ्याची लांबी मोज

नौपाडा, ठाणे

प्रिय डॉक्टर,

(अजून सहीत ‘डॉक्टर’ लिहायला लाजतेस, म्हणून मुद्दाम.)

तुझा प्रस्ताव दोनदा वाचला. मोठ्या मायनस नंबरचे डोळे, त्यांची ओसीटीची (डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनची) चित्रं, आणि त्यांतला काचबिंदू ओळखणारं कॉम्प्युटर मॉडेल. विषय चांगला निवडलास. पहिल्याच पानावर मात्र तू लिहिलं आहेस की नेरुळचं तुमचं कॉलेज, ठाण्यातले आम्ही आणि पनवेलकडचे दोघे डॉक्टर मिळून ‘डेटा वाढवायचा’. माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं. चित्रं वाढणं हा एकत्र काम करण्याचा सगळ्यांत किरकोळ फायदा आहे. मायनस दहाच्या डोळ्यात काचबिंदू आहे की नाही, यावर तीन मुरलेले डॉक्टरसुद्धा एका चित्राकडे बघून एकमताने सांगू शकत नाहीत, ही खरी अडचण आहे. ते मतभेद उघडे पडावेत आणि कागदावर यावेत म्हणून तीन केंद्रं हवीत. मतभेद मिटण्याआधीच चित्रं एका फोल्डरमध्ये ओतलीस तर मॉडेल आपल्या तिघांचा गोंधळ शिकेल, आणि तो मोठ्या आत्मविश्वासाने परत सांगेल.

परवाच्या ओपीडीतला एक कागद सांगते. ऐरोलीला राहणारा, महाप्याच्या एका कंपनीत कोडिंग करणारा मुलगा, पस्तिशीचा. नंबर मायनस नऊ. कुठेतरी चेकअपला गेला, ओसीटी झाली, कागद लाल आला (लाल म्हणजे मशीनच्या मते थर पातळ, हिरवा म्हणजे ठीक) आणि तेव्हापासून दोन प्रकारचे ड्रॉप्स चालू. घरात आईला वाटतंय पोरगा आंधळा होणार. त्याचा प्रिंटआउट मी खिडकीपाशी नेऊन पाहिला. वरच्या-खालच्या चौकटी लाल होत्या, कबूल. पण खालचा आलेख बघ. पडद्यावरून ऑप्टिक नर्व्हकडे जाणाऱ्या नर्व्ह फायबरच्या थराला वर आणि खाली असे दोन उंचवटे असतात, ते दोन्ही जागेवर होते. जागेवर म्हणजे, त्याच्या स्वतःच्या जागेवर. मशीनला ते जिथे अपेक्षित होते तिथून दोन्ही उंचवटे कानशिलाच्या बाजूला सरकलेले. म्हणून मशीनच्या जागी ‘पातळ’, आणि शेजारीच कानशिलाकडे पांढरा रंग, म्हणजे सर्वसाधारण माणसापेक्षा जाड! काचबिंदू एकीकडून काढून दुसरीकडे भर घालत नाही. मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाचा, गँग्लियन सेलचा (हे फायबर ज्या पेशींतून निघतात त्यांचा) नकाशा पाहिला, तर वरचा अर्धा आणि खालचा अर्धा सारखेच. काचबिंदूत कानशिलाकडच्या आडव्या रेषेवर एक पायरी दिसते, कारण वरचे आणि खालचे फायबर तिथे एकमेकांत मिसळत नाहीत. ती पायरी नव्हती. फील्ड, म्हणजे नजरेच्या परिघाची तपासणी, स्वच्छ.

तरीही मी त्याला ‘तुला काचबिंदू नाही’ असं सांगितलं नाही. जुने सगळे कागद मागवले, ड्रॉप्स थांबवून प्रेशर पुन्हा बघायचं ठरवलं आणि फाइलवर लिहिलं: आज सांगता येत नाही. आई नाराज झाली. तिला हो किंवा नाही हवं होतं, आणि ते स्वाभाविक आहे.

हे वाचून लाल कागद सरळ फेकून द्यायचे असा अर्थ काढू नकोस. सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स भागातल्या पाहणीचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. त्यात मध्यम ते मोठ्या मायनस नंबरच्या लोकांत काचबिंदूची शक्यता नंबर नसलेल्यांच्या सुमारे तिप्पट दिसली. म्हणजे ज्या डोळ्यात काचबिंदू ओळखणं सगळ्यांत कठीण, तिथेच तो जास्त. खोट्या लालमुळे धडधाकट माणसाला जन्मभर ड्रॉप्स लागतात, आणि ‘हे तर मायोपियामुळेच’, म्हणजे मायनस नंबरामुळेच, म्हणून सोडून दिलेल्या डोळ्यातली नजर हळूहळू जाते ती परत येत नाही. तुझं मॉडेल कोणती चूक जास्त करतं, हे अचूकतेच्या एका आकड्यात दिसणार नाही. दोन्ही चुका वेगळ्या मोजून दाखव.

आता लांबीकडे येऊ. तू भरतीचा निकष ‘मायनस सहा किंवा त्याहून जास्त’ असा ठेवला आहेस. पुस्तकी व्याख्येप्रमाणे बरोबर आहे. पण आपल्या भागातली फाइल कशी असते ते तुला माहीत आहे. लग्न ठरायच्या आधी लेसर करून नंबर घालवलेल्या मुली इथे किती आहेत! त्यांना विचारलंस तर त्या म्हणतील, ‘मॅडम, मला नंबर नाहीच.’ मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले काका म्हणतील, ‘फक्त वाचायचा आहे.’ कॉर्निया कोरला, भिंग बदललं, नंबर गेला. डोळा मात्र २८ मिलिमीटर लांब होता तो तेवढाच राहिला, आणि त्यामुळे ऑप्टिक नर्व्हवर येणारा ताणही. शिवाय लेसरनंतर कॉर्निया पातळ असतो, त्यामुळे प्रेशर खऱ्यापेक्षा कमी मोजलं जातं. नंबराचा निकष लावलास तर नेमके हेच लोक तुझ्या जाळ्यातून निसटतील. म्हणून निकष अ‍ॅक्शियल लेंग्थचा, म्हणजे डोळ्याच्या पुढून मागे मोजलेल्या लांबीचा ठेव, २६ मिलिमीटर आणि पुढे. नंबर हवा तर वेगळ्या रकान्यात लिही, आणि ऑपरेशनच्या आधीचा मिळाला तर उत्तमच.

लांबीचं दुसरं काम याहून महत्त्वाचं. ओसीटी मशीन डिस्कभोवती (ऑप्टिक नर्व्ह डोळ्यातून बाहेर पडते त्या जागेभोवती) ३.४६ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढून त्यावर जाडी मोजतं, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात मशीन कोन मोजतं आणि डोळा एका ठरावीक लांबीचा आहे असं गृहीत धरतं. सिरस या मशीनमध्ये ती लांबी २४.४६ मिलिमीटर आहे. प्रोजेक्टर पडद्यापासून मागे नेला की चित्र मोठं होतं, तसंच लांब डोळ्यात हे वर्तुळ मोठं पडतं. चित्रातलं माप डोळ्याच्या लांबीप्रमाणे दुरुस्त करणाऱ्या लिटमनच्या सूत्रात बेनेटने सुधारणा केली आहे, ती वापरून २८ मिलिमीटरच्या डोळ्यासाठी स्वतः गणित कर: वर्तुळ ४ मिलिमीटरचं निघतं. डिस्कपासून जितकं लांब जावं तितका फायबरचा थर पातळ होत जातो. म्हणजे निरोगी डोळासुद्धा पातळ दिसणार, निव्वळ चुकीच्या जागी मोजल्यामुळे. लांबी नसलेली ओसीटी तुझ्या अभ्यासात घेऊ नकोस. कितीही सुंदर चित्र असलं तरी नाही.

हेच उलट दिशेनेही होतं, आणि ते फार कोणी बोलत नाही. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे प्रा. योस्ट योनास यांनी मिळून नागपूरजवळच्या ८ गावांत २००६ ते २००८ या काळात तिशीच्या पुढच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले. सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी म्हणून ते काम प्रसिद्ध आहे. तिथली सरासरी लांबी २२.६ मिलिमीटर निघाली. आता तोच गुणाकार कर: मशीनचं ३.४६ चं वर्तुळ त्या डोळ्यात ३.२ च्या आसपास पडेल, थर जाड दिसेल आणि खरा काचबिंदू हिरव्या रंगामागे लपायला जागा मिळेल. विदर्भातल्या शेतकऱ्याचा डोळा मशीनच्या ‘सर्वसाधारण’ डोळ्यापेक्षा आखूड आणि घणसोलीत क्लासच्या दिव्याखाली वाढलेल्या पोराचा लांब. दोघांनाही तीच हिरवी पट्टी लावायची?

मला या नागपूरच्या कामाचं कौतुक वाटतं ते आणखी एका कारणाने. परदेशी प्राध्यापक आणि इथले डॉक्टर एकत्र आले की बरेचदा इथले रक्त-लघवी-चित्रं पुरवतात आणि विचार तिकडे होतो. तिथे तसं झालं नाही. अनेक निबंधांवर इथल्या लोकांची नावं पहिली आहेत. तुझ्या प्रस्तावात परदेशी विद्यापीठ पुढे कधी येणार असेल, तर प्रत्येक केंद्राच्या एथिक्स कमिटीची परवानगी तर लागेलच, शिवाय आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीकडेही जावं लागेल. त्यात महिने जातात. वेळापत्रकात ते आत्ताच धर.

तयार डेटासेटविषयी तू विचारलं होतंस. रेफ्यूजमध्ये १,२०० फंडस चित्रं (डोळ्याच्या मागच्या पडद्याचे फोटो) आहेत, तिथे लेबल काचबिंदूचं. पाममध्येही १,२००, तिथे लेबल पॅथॉलॉजिकल मायोपियाचं, म्हणजे मोठ्या नंबरामुळे पडदा खराब होण्याचं. हात बसवायला दोन्ही चांगले. पण तुझा प्रश्न दोन्ही आजार एकाच डोळ्यात असण्याचा आहे, आणि एका वेळी एकच प्रश्न विचारलेल्या संचातून त्याचं उत्तर निघणार नाही. शिवाय ते फंडसचे फोटो. तुला थरांची जाडी हवी.

म्हणून लेबल आपल्यालाच करावं लागेल, आणि सगळा जीव तिथे ओत. दोन डॉक्टर, एकमेकांचं उत्तर न पाहता. न जुळल्यास तिसरा. लेबलं तीन ठेव: काचबिंदू आहे, नाही, सांगता येत नाही. तिसरं लेबल लागलेली चित्रं बहुतेक अभ्यासात गुपचूप काढून टाकतात आणि मग आकडे देखणे येतात. ओपीडीत मात्र तीच माणसं समोर बसतात! ती ठेव, आणि दर सहा महिन्यांनी परत बोलाव. काही तरुण चिनी पुरुषांच्या डिस्क आणि फील्ड काचबिंदूसारख्या दिसत होत्या. सात वर्षांपर्यंत पाहिल्यावर त्या जागच्या जागीच राहिल्या, असा एक अहवाल २००७ मध्ये आला. लांब डोळ्यात निदान बरेचदा चित्र करत नाही, काळ करतो. तीन वर्षांच्या रेसिडेन्सीत तेवढा काळ तुझ्याकडे नाही हे मला कळतं. पण केंद्रं तीन असली की तू गेल्यावरही कोणी तरी रुग्णाला फोन करणारं राहतं. एकत्र येण्याचा मला दिसणारा सगळ्यांत मोठा फायदा हाच.

बाकीचं पटापट सांगते. एकाच माणसाचे दोन डोळे म्हणजे दोन स्वतंत्र माणसं नव्हेत. आकडेवारीत तसा हिशेब धर. ट्रेनिंग आणि टेस्टची विभागणी चित्रांवर न करता माणसांवर कर, नाहीतर उजवा डोळा शिकून डावा ‘ओळखल्याचं’ कौतुक होईल. सिरसची मायक्रॉन आणि स्पेक्ट्रालिस या दुसऱ्या मशीनची मायक्रॉन एकमेकांत मिसळू नकोस. खूप लांब डोळ्यात मागची भिंत इतकी वाकलेली असते की पडदा स्कॅनच्या चौकटीबाहेर जातो किंवा उलटा होऊन वर दिसतो, आणि मशीन तरीही जाडीचा आकडा छापतं. म्हणून प्रत्येक स्कॅनच्या रेषा डोळ्यांनी बघ. सिग्नल चांगला आहे म्हणून सोडू नकोस. डिस्कभोवतीची पांढरी कडाही नीट वेगळी कर. ब्रूक्स मेम्ब्रेन (पडद्याखालचा पातळ पापुद्रा) शिल्लक असलेला बीटा झोन काचबिंदूशी नातं सांगतो, आणि ती नसलेला गॅमा झोन लांबीशी. योनास यांच्याच गटाने हा फरक मांडला आहे. मॉडेलला पांढरं ते सगळं एकच वाटणार.

प्रिंटआउटच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव आणि जन्मतारीख छापलेली असते. फाइलमधून माहिती पुसली तरी चित्रावरचं नाव तसंच राहतं. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘इंटरेस्टिंग केस’ म्हणून फिरणारे कागद आधी बंद कर. संमतिपत्राचं मराठी मी पाहिलं, ते सरकारी जाहिरातीसारखं झालंय. दिवाळे गावाहून मासळी विकून आलेल्या मावशीला ‘प्रतिमांकित माहितीचे अनामिकीकरण’ वाचून दाखवशील? ‘तुमच्या डोळ्याचे फोटो नाव काढून दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू; नको म्हणालात तरी उपचार तसेच चालू राहतील,’ एवढं लिही, आणि वाचून दाखवताना घाई करू नकोस.

लेखकांची नावं आणि क्रम आत्ताच ठरवा, ईमेलवर. हे बोलायला सगळ्यांना अवघड वाटतं, म्हणून मी तुझ्या वतीने तिघांना लिहीन. ओसीटी काढणारी ताई रांग थोपवून, पुन्हा पुन्हा हनुवटी सरळ करायला लावून चांगलं स्कॅन मिळवते. ती आभाराच्या ओळीत असलीच पाहिजे, आणि तिने लेबलिंग किंवा लिखाणात भाग घेतला तर लेखकांच्या यादीत.

मॉडेलचा कोड अजून उघडू नकोस. आधी नावं झाकलेली, लांबी लिहिलेली चाळीस चित्रं काढ, तिन्ही केंद्रांतल्या एकेका डॉक्टरला वेगवेगळी दे, आणि उत्तरं शेजारी-शेजारी लावून शनिवारी घेऊन ये. त्या दिवशी मी तीनपर्यंत मोकळी होते. जिथे तिघांची तीन उत्तरं आली असतील ती चित्रं वर ठेव, आपण तिथूनच सुरुवात करू. लांबी नसलेल्या फाइल्स आणायचे कष्ट घेऊ नकोस.

तुझी,
मॅडम