आधी नमुना कुठला ते बघ

लातूरला राहून समुद्री माशांच्या जनुकांवर काम जमेल का, असं विचारलंस. नक्की जमेल. जेनबँक या सार्वजनिक ऑनलाइन साठ्यात सीक्वेन्स, म्हणजे डीएनएमधल्या अक्षरांचा क्रम, फुकट मिळतात. पण मासा कुठे आणि कोणत्या वयात पकडला होता, हे बघितल्याशिवाय एकही उतरवून घेऊ नकोस.

अटलांटिकचा ब्लूफिन ट्यूनाच घे. अख्खा महासागर ओलांडतो, पण अंडी घालायला मुख्यतः भूमध्य समुद्रात नाहीतर मेक्सिकोच्या आखातात जातो. चरताना मात्र दोन्हीकडचे मासे एकत्र येतात. मासेमारीच्या व्यवस्थापनासाठी 45 अंश पश्चिम रेखांशावर रेघ मारलीय, ती माशांना कुठली ठाऊक! म्हणून वेगवेगळ्या जागी अंडी घालणारे गट ओळखायचे तर अंडी घालण्याच्या जागेवरच्या अळ्या किंवा वर्षाच्या आतली पिल्लं हवीत.

एफएसटी, म्हणजे दोन गटांतला जनुकीय फरक मोजणारा आकडा, शून्याजवळ आला की ‘गट एकच’ असं लिहून मोकळी होऊ नकोस. इथेच बहुतेक जण घसरतात. समुद्री माशांची संख्या अफाट, त्यामुळे जनुकीय फरक फार सावकाश साचतो. त्यात दर पिढीत थोडे मासे जरी इकडून तिकडे गेले तरी तो पुसट होतो. मायटोकाँड्रियाच्या डीएनएवरही थांबू नकोस, तो फक्त आईची बाजू सांगतो. हजारो एसएनपी, म्हणजे डीएनएत एकेका अक्षराचा फरक असलेल्या जागा, तपासल्यावरच बारीक फरक दिसतात.

नमुने घ्यायचा हात बसवायला जायकवाडीचा रोहू उत्तम. माशाच्या पराचा (फिनचा) हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा 95 टक्के इथेनॉलमध्ये टाक, कात्री दर माशानंतर स्वच्छ कर. आत टाकायची चिठ्ठी पेन्सिलनेच लिही, शाई इथेनॉलमध्ये विरघळते.