नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा फुटबॉल सामना मैदानात जाऊन पाहावा का?

आपण विचारले आहे की, डिसेंबरअखेर मुलाकडे लंडनला जाणार आहात, तर 26 डिसेंबरचा फुटबॉल सामना मैदानात जाऊन पाहावा की घरी बसून टीव्हीवर, आणि मैदानात जायचेच असेल तर कोणत्या संघाचा. मैदानातच पाहावा. संघाच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: मुलाच्या घरापासून पायी जाता येईल अशा मैदानाचा संघ निवडा, मग तो गुणतक्त्यात कितीही खाली असो. माझे मेहुणे हे मत कायम हसण्यावारी नेतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेहुण्यांचे घर नागपुरात, धरमपेठेत. लिव्हरपूलचा सामना असला की ते मध्यरात्रीनंतरही जागे असतात. नागपूरजवळच्या कामठीत मात्र, जिथे रब्बानी या फुटबॉल क्लबचे नाव लहान पोरालाही ठाऊक असते आणि जिथे मी शाळकरी वयापासून रेषेलगत उभा राहून सामने पाहिले, तिथे ते आजवर एकदाही आलेले नाहीत. खरा फुटबॉल युरोपातच, आणि तोही टीव्हीवरच नीट दिसतो, असा त्यांचा सिद्धान्त आहे.

2018 च्या नाताळात आम्ही उभयता लेकीकडे लंडनला होतो. तिचे घर पटनीला, थेम्सच्या दक्षिण तीरावर. जावईबापू फुलम क्लबचे सदस्य असल्यामुळे त्यांनी फुलम विरुद्ध वुल्व्हरहॅम्प्टन या सामन्याची तिकिटे आधीच काढून ठेवली होती. मेहुण्यांना फोनवर सांगितले, तर त्यांनी विचारले, ‘‘तळाशी लोळणारा संघ पाहायला एवढ्या लांब गेलात?’’ फुलम त्या वेळी खरोखरच तळाशी होता आणि हंगामाअखेर खालच्या विभागात घसरलाही. त्याने माझ्या मुद्द्याला बाध येत नाही.

त्या दिवशी इंग्लंडात रेल्वे जवळजवळ बंदच असते. सणाच्या दिवशी लांबचा प्रवास टाळावा म्हणून पूर्वी शेजारशेजारच्या संघांचे सामने लावण्याची पद्धत होती. आम्ही पटनीचा पूल ओलांडून बिशप्स पार्कमधून नदीच्या कडेने चालत निघालो आणि आमच्या मागेपुढे अख्खी कुटुंबे चालत होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक पाहायला सारे नागपूर जसे घराबाहेर पडते, तसेच काहीसे ते दृश्य होते. आदल्या दिवशी घरात बसून, खाऊन सुस्तावलेली माणसे पाय मोकळे करायला निघालेली, आजोबांच्या डोक्यावर सांताची लाल टोपी, आणि नातवंडांच्या गळ्यात क्लबचे काळे-पांढरे मफलर.

आमच्या जागा जॉनी हेन्स स्टँडमध्ये होत्या. हा स्टँड 1905 चा, आणि त्यातल्या कित्येक खुर्च्या अजून लाकडीच आहेत. ज्याच्या नावाचा हा स्टँड, तो हेन्स फुलमसाठी 658 सामने खेळला. शेजारी एक वृद्ध गृहस्थ मुलगा आणि नात यांच्यासह बसले होते. त्यांनी थर्मासमधला चहा पुढे केला आणि 1963 चा याच दिवसाचा सामना सांगायला सुरुवात केली. तेव्हा वडिलांचे बोट धरून ते आले होते. फुलमने इप्सविचला 10-1 असे हरवले, ग्रॅहम लेगटने जेमतेम तीन मिनिटांत तीन गोल केले. त्या एका दिवशी पहिल्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या, विभागातल्या दहा सामन्यांत 66 गोल झाले होते, हे मला ठाऊक होते. पण दोनच दिवसांनी त्याच इप्सविचने फुलमला 4-2 असे हरवले, हे आजोबांनी ज्या समाधानाने सांगितले, ते पाहण्यासारखे होते. आमचा क्लब असाच आहे, असे ते म्हणाले आणि नातीने मान डोलावली. तिलाही ते पाठ असावे.

खेळाविषयी बोलायचे तर पहिला तासभर तो रटाळ होता. तरीही टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि मैदानात बसलेला माणूस चेंडू नसलेल्या खेळाडूंकडे पाहू शकतो, हा फरक मला तिथेच सर्वांत जास्त जाणवला. बचावफळी एकमेकांना ओरडून जागा कशी बदलायला लावते, थकलेला मध्यरक्षक परत येताना पावले कशी ओढतो, हे आपल्याला मेहुण्यांच्या 55 इंची पडद्यावर दिसणार नाही. अखेरच्या टप्प्यात रायन सेसेन्योनने गोल केला आणि आजोबांनी माझ्या सौभाग्यवतींशी हस्तांदोलन केले. पुढे पाच मिनिटे उरली असताना वुल्व्हरहॅम्प्टनने बरोबरी साधली. रेल्वे नसताना सुमारे दोनशे किलोमीटरवरून आलेले त्यांचे समर्थक एका कोपऱ्यात बेभान झाले आणि आमच्या बाजूला लोक निमूटपणे मफलर आवळू लागले. सामना 1-1 असा संपला. मेहुण्यांनी तो टीव्हीवर पाहिला होता आणि रात्री फोनवर ‘‘कंटाळवाणा झाला’’ असा निकाल दिला.

मेलबर्नच्या क्रिकेट कसोटीसाठी याच तारखेला पहाटे उठणाऱ्या नागपूरकराने त्याच दिवशीच्या फुटबॉलला कंटाळवाणा म्हणू नये, हेही त्यांना सांगायचे राहिले आहे. जो माणूस स्वतःच्या गावच्या मैदानावर कधी उभा राहिला नाही, त्याने संघ मोठा की लहान हे ठरवू नये.

आता काही व्यावहारिक गोष्टी. सामन्याची तारीख आधी तपासा, कारण टीव्हीच्या सोयीने वेळापत्रक बदलते. 2025 मध्ये प्रीमियर लीगचा त्या दिवशी एकच सामना ठेवला होता. खालच्या विभागांत मात्र त्या दिवशी भरपूर सामने असतात आणि तिकिटेही तुलनेने सहज मिळतात. तिकीट क्लबकडूनच घ्या. तिथे फुटबॉलच्या तिकिटांचा काळाबाजार हा गुन्हा आहे. पायमोजे दोन जोड घाला. गुडघ्यांचा त्रास असेल तर अरुंद, जुन्या स्टँडमध्ये अडचण होईल, आणि तसे असल्यास घरी पाहण्यात कमीपणा नाही, एवढे मेहुण्यांच्या बाजूने मान्य करतो.

जाण्यापूर्वी सवड झाली तर कामठीला एखादा सामना पाहून या. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो आहे, पुढे ऑटो मिळतो.