माझ्या जुन्या कॉमिकचे व्यावसायिक रिस्टोरेशन करून घ्यावे का?

तुम्ही लिहिले आहे की, आजोबांकडून आलेल्या 1950 च्या दशकातील कॉमिकचे मुखपृष्ठ पिनांपासून सुटत आले आहे, कण्यावर जुनी सेलोटेप आहे, एका कोपऱ्याचा तुकडा गेला आहे, आणि ज्या ज्या संग्राहकाला विचारले त्याने ‘हात लावू नका, किंमत जाईल’ असेच सांगितले. हे वाक्य मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून 11 वर्षे ऐकले आहे, म्हणून उत्तर लिहायला बसलो. माझे मत आधीच सांगतो: सेलोटेप आणि गंजलेल्या पिना यांना हात लावलाच पाहिजे, तोही लवकर, गेलेल्या कोपऱ्याला मात्र मुळीच लावू नये.

आमच्याकडचा अंक 1952 सालचा, भयकथांचा. तो बाबांचा होता. आम्ही लहान असताना तो आधी कोणी वाचायचा यावरून दादाची आणि माझी ओढाताण झाली, त्यात कण्याचा खालचा अर्धा भाग फाटला, आणि बाबांनी आम्हाला एक शब्दही न बोलता त्यावर सेलोटेप लावली. बाबा गेल्यावर अंक आमच्या ताब्यात आला तेव्हा ती टेप पिवळी पडू लागली होती आणि तिच्या कडेचा कागद तेल सांडल्यासारखा अर्धपारदर्शक दिसत होता. कागदाचे जतन करणाऱ्या एखाद्या जाणकाराकडे अंक ताबडतोब द्यावा, असे मी तेव्हाच म्हणालो. दादाने साफ नकार दिला. त्याने पूर्वी एका परिचिताची प्रत पाहिली होती, जिच्या मुखपृष्ठावर रंग भरून कडा सरळ कापल्या होत्या, आणि ती पाहून त्याला जो विषाद वाटला तो मला आजही समजतो. परंतु त्यातून त्याने जो नियम बनवला तो चुकीचा होता. ‘मूळ ते मूळच राहिले पाहिजे,’ असे म्हणून त्याने अंक पारदर्शक पाकिटात, मागे पुठ्ठा घालून ठेवला आणि कपाट बंद केले.

11 वर्षांनी आम्ही दोघांनी मिळून ते पाकीट उघडले. टेपची वरची फिल्म आपोआप सुटून पाकिटाच्या तळाशी पडली होती. तिच्या जागी बोटभर रुंदीचा, कडक झालेल्या डिंकाचा तपकिरी पट्टा होता आणि त्याचा डाग मुखपृष्ठातून आरपार जाऊन आतल्या पानांपर्यंत पोहोचला होता. खालच्या पिनेभोवती गंजाचे कडे उठले होते आणि अगदी मधले जोडपान पिनेपाशी तुटून हातात आले. दादा काही बोलला नाही. मीही त्या दिवशी काही बोललो नाही, पण ज्या प्रतीला कोणी बोटही लावले नव्हते तीच प्रत कपाटात बसल्या बसल्या बदलली होती, हे आम्हा दोघांनाही दिसत होते.

असे का होते हे संग्राहकांनी समजून घ्यायला हवे. त्या काळातील कॉमिकची आतली पाने वृत्तपत्री कागदाची असतात. हा कागद लाकूड यंत्रात भरडून केलेल्या लगद्यापासून बनतो, त्यात लिग्निन हा लाकडातील घटक शिल्लक राहतो, आणि उजेड व हवा लागून तो पिवळा पडतो. कागदातील आम्ल सेल्युलोजच्या, म्हणजे कागदाचे तंतू ज्याचे बनतात त्या पदार्थाच्या, साखळ्या तोडत राहते, म्हणून पान ठिसूळ होते. जुन्या सेलोटेपचा रबरी डिंक प्रथम मऊ व तेलकट होऊन तंतूंमध्ये शिरतो, मग हवेतील ऑक्सिजनमुळे कडक व तपकिरी होतो. पिनेच्या गंजातील लोह भोवतीच्या कागदाचा ऱ्हास आणखी वेगाने करते. यातील कोणतीही क्रिया आपण ‘हात न लावल्याने’ थांबत नाही. पाकिटामुळे हाताळणी आणि धूळ टळते, पण आत बंद केलेला डिंक आतच काम करत राहतो.

शेवटी अंक ज्या तज्ज्ञ बाईंकडे गेला त्यांनी आधी भिंगाखाली पाहिले आणि मग लाल शाईवर द्रावकाचा एक थेंब टेकवून चाचणी घेतली. शाई पसरली. डिंक मऊ होता त्या अवस्थेत सौम्य उष्णता आणि पातळ पाते वापरून टेप बरीचशी स्वच्छ निघाली असती. आता डाग काढायला लागणारे द्रावक वापरले तर चित्रच वाहून जाईल, म्हणून डाग राहू द्यावा, असे त्यांनी सांगितले. त्यांनी कडक डिंकाचा थर खरवडून काढला, गंजलेल्या पिना उतरवून एका लहान पाकिटात आम्हाला परत दिल्या आणि त्याच जुन्या छिद्रांतून नव्या बसवल्या. कणा आणि सुटलेले जोडपान त्यांनी कोझो या झाडाच्या सालीच्या तंतूंपासून केलेल्या पातळ जपानी कागदाच्या पट्टीने, गव्हाच्या खळीने जोडले. ही खळ पुढे कधीही ओलावा देऊन सोडवता येते. रंगाचा एक ठिपकाही त्यांनी लावला नाही. सोबत आधीची व नंतरची छायाचित्रे आणि वापरलेल्या प्रत्येक साहित्याची नोंद असलेला लेखी अहवाल दिला, जो आम्ही अंकाबरोबरच ठेवतो.

दादा अजूनही म्हणतो की, एवढे झाल्यावर आता तो अंक ‘रिस्टोर केलेला’ ठरला. माझा आक्षेप या एकाच शब्दात सगळे काही कोंबण्याला आहे. फाटलेले सोडवता येईल अशा रीतीने सांधणे, आधार देणे, घातक गोष्टी काढणे हे जतन आहे; नसलेला तुकडा नव्याने घडवून चिकटवणे, फिकट जागी रंग भरणे, कागद ब्लीच करून पांढरा करणे ही रूप पालटण्याची कामे आहेत; आणि कडा कापणे हे तर सरळ नुकसान आहे, कारण कापलेला कागद कोणालाही परत आणता येत नाही. बाजारसुद्धा हा भेद ओळखतो. 2000 साली सुरू झालेल्या सीजीसी या, कॉमिकची अवस्था तपासून तिला गुण (ग्रेड) देणाऱ्या कंपनीच्या पद्धतीत अस्पर्श प्रतीला निळे लेबल मिळते आणि रंग भरलेल्या किंवा कडा कापलेल्या प्रतीला जांभळे. परंतु केवळ सांधणे, आधार देणे, पिना बदलणे अशी जतनाची कामे योग्य साहित्याने झाली असतील तर त्यांच्यासाठी ‘जतन केलेली’ अशी निराळी वर्गवारी आहे. भरलेला रंग अतिनील प्रकाशाखाली बहुधा उठून दिसतो, त्यामुळे ‘कोणाला कळणार नाही’ असे सांगणाऱ्या कारागिराकडे पुन्हा जाऊ नका.

तुमच्या गेलेल्या कोपऱ्याबद्दल मी इतका ठाम आहे त्याचे कारण असे की, तो कोपरा गेल्याने कागदाला पुढे काहीही होणार नाही. तो केवळ डोळ्यांना खुपतो. 2013 साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एका जुन्या घराच्या भिंतीत, इन्सुलेशन म्हणून भरलेल्या जुन्या कागदांमध्ये, जून 1938 च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’ क्रमांक 1 ची, म्हणजे सुपरमॅन ज्यात प्रथम अवतरला त्या अंकाची, प्रत सापडली होती. घरच्याच माणसांच्या ओढाताणीत तिचे मागचे आवरण फाटले आणि 10 पैकी 1.5 अशी ग्रेड तिला मिळाली, तरी ती तशीच, न सजवता, लिलावात गेली आणि घेणाऱ्यांची चढाओढ झाली. ती बातमी वाचल्यावर मला आमचा फाटलेला कणा आठवला, हे वेगळे सांगायला नको.

आता किंमत वाढेल की घटेल, या तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. खर्च भरून निघावा या हेतूने रिस्टोरेशन करू नका. त्याच ग्रेडच्या अस्पर्श प्रतीपेक्षा रिस्टोर केलेल्या प्रतीला कमीच मोल मिळते, आणि लवकर विकण्याचा विचार असेल तर अंक आहे तसा, दोष स्पष्ट सांगून विकावा. काय करायचे ते घेणारा ठरवील. अंक सहज मिळणारा असेल आणि आजोबांच्या आठवणीखेरीज त्याला वेगळे मोल नसेल, तर तज्ज्ञाचा खर्च अंकाच्या किमतीच्या कितीतरी पट होऊ शकतो, हेही मी आधीच लिहायला हवे होते. आमच्या बाबतीत तसेच झाले आणि मला त्याचा खेद नाही. आम्ल काढण्याची प्रक्रिया कोणी सुचवली तर इतके ध्यानात ठेवा की तिने पुढचा ऱ्हास मंदावतो, पण ठिसूळ झालेल्या पानाला गेलेले बळ परत मिळत नाही, आणि काही शाईंची छटा तिने बदलू शकते.

काम देण्याआधी लेखी प्रस्ताव मागा, आणि त्यात रंग नको, कडा कापायच्या नाहीत, जुन्या पिना परत हव्यात, हे स्वतः लिहून द्या. तोपर्यंत अंक अंधारात, थंड जागी, 35 ते 50 टक्के सापेक्ष आर्द्रतेत, पॉलिएस्टरच्या पाकिटात आम्लरहित पुठ्ठ्यावर आडवा ठेवा. टेपचे टोक उचकटून पाहण्याचा मोह होईल. वरची फिल्म ओढताना छापील थर तिच्याबरोबर निघून येतो, म्हणून ते स्वतः करू नका. ती अजून पिवळी व लवचीक आहे की तपकिरी होऊन कडक झाली आहे, एवढेच कडेने पाहून मला प्रतिक्रियेत कळवा. पिवळी असेल तर आठवडाभराच्या आत जाणकाराची वेळ घ्या.