जेली 'संच' होते का?

प्रश्न : नातवाने विचारलं, 'आजी, सेट म्हणजे मराठीत काय?' मी म्हटलं, 'संच.' तर म्हणे, 'मग फ्रिजमध्ये जेली संच होते का?' काय सांगू?
– एक आजी, वाशी

उत्तर : ताई, पोरगं हुशार आहे! एकाच नावाचे हे दोन गडी आहेत. 'डिनर सेट'मधला सेट लॅटिन 'सेक्टा'पासून फ्रेंचमार्गे आला. तिथे तुमचा 'संच' चपखल. क्रियापद मात्र अस्सल जुनं इंग्रजी, 'सिट'चं प्रयोजक रूप. आपलं बसणे-बसवणे, अगदी तसंच. म्हणून आधी 'बसवणे' लावून पाहावं : निखळलेलं हाड बसवतात, अंगठीत खडा बसवतात. पण गजर लावतात, सूर्य मावळतो, दही लागतं. परवा आमच्या नौपाड्यातल्या घरी गवंड्याने फरशी बसवली आणि बजावलं, 'काका, सेट होईपर्यंत पाय ठेवू नका.' मी ठेवला. तो कोपरा अजून टकटक वाजतो. तो सेट म्हणजे घट्ट होणे, जेलीचाही तोच. १९८९च्या ऑक्सफर्ड महाकोशात सर्वांत लांब नोंद याच क्रियापदाची होती. आता 'रन' पुढे गेलाय. त्याचा अर्थ नातवाने विचारला, तर 'धावणे' म्हणून मोकळ्या होऊ नका. नळही 'रन' होतो.